बाबांच्या पोस्टकार्डांवरचा सिसिलियन डाव, १७ वी खेळी पटावर बसतच नाहीये

इंदूर_रामबाग

नमस्कार. मी बुद्धिबळ खेळणारी नाही, मोहरी कशी चालतात तेवढं येतं, ते पण आजोबांकडून देशी पद्धतीनं शिकलेलं, म्हणजे प्यादं पहिल्या खेळीला पण एकच घर आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तरी समजून घ्या.

रामबागेतलं आमचं जुनं घर रिकामं करतोय. बाबांच्या ट्रंकेत नाडीनं बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा निघाला, १४ कार्डं, सगळी पंधरा पैशांची, सगळ्यांवर बडोद्याचा शिक्का, एकाच माणसाच्या हातची. पत्ता दांडिया बाजारचा आहे, नाव इथे देत नाही. मजकूर फारच थोडा, "आपले कार्ड मिळाले, तारीख अमुक, उत्तर दिले, तारीख अमुक", आणि खाली चार-चार आकडे. ५२५४. ७१६३. ४२४४. असं. मला आधी वाटलं कुठला तरी हिशोब आहे, आई म्हणाली नाही गं, तो त्यांचा बुद्धिबळाचा पत्रव्यवहार. मग त्याच ट्रंकेत बाबांची चौकटीची वही मिळाली, त्यात हाच डाव दोन्ही बाजूंनी लिहिलाय आणि वर ठळक अक्षरात "सिसिलियन, काळी मोहरी". पहिलं कार्ड नोव्हेंबर १९८४ चं, शेवटचं ९ ऑक्टोबर १९८५ चं. ११ महिने एकच डाव चालू होता!

भाच्यानं सांगितलं की पहिला आकडा उभी पट्टी, दुसरा आडवी, आधी कुठून मग कुठे. मग मी आणि आई डायनिंग टेबलवर पट मांडून बसलो आणि १६ खेळ्या नीट लागल्या, आईला तर इतका आनंद झाला की काय सांगू. पण १७ व्या खेळीला पांढऱ्यानं लिहिलंय २७२३ आणि तिथे, म्हणजे २७ मध्ये, कुठलंच मोहरं नाहीये. आम्ही तीनदा पहिल्यापासून लावून बघितलं. बाबांच्या वहीत त्या जागी फक्त स्वतःची खेळी आहे, १३१४, पांढऱ्याचा रकाना पाणी लागून पुसलाय.

दुसरं म्हणजे, त्या १४ शिवाय गठ्ठ्यात सगळ्यात खाली बाबांच्या हातचं एक कार्ड आहे, बडोद्याचा पत्ता लिहिलेलं, वर १३१४ लिहिलेलं, पण शिक्काच नाही. म्हणजे ते कधी टाकलंच नाही. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की डाव हरत होते म्हणून सोडून दिला का. बाबा काही अर्धवट सोडणाऱ्यातले नव्हते, बँकेतून रिटायर होईपर्यंत एक लेजर अर्धं ठेवून घरी आले नाहीत, म्हणून मला ते पटत नाहीये. कुणी सांगू शकेल का की त्या वेळेला कोण जिंकत होतं?

दोघांच्या सगळ्या खेळ्या देते, आधी पांढरा मग काळा:
५२५४ ३७३५, ७१६३ ४७४६, ४२४४ ३५४४, ६३४४ ७८६६, २१३३ १७१६, ३१७५ ५७५६, ६२६४ ४८२६, ४१४२ २६२२, ११२१ २२१३, ६४६५ २८३६, ६५५६ ६७५६, ४४३६ २७३६, ५४५५ ४६५५, ७५६६ ७७६६, ३३५४ ६८५७, ६१५२ ८७८५, आणि मग हे २७२३ (?) १३१४.

प्यादं_पुढे

ताई मी पण इंदूरचाच, सुदामा नगर. खेळ्या बघून अंगावर काटा आला खरंच, ही सिसिलियनमधली नायडॉर्फ चाल आहे आणि त्यातली पण पॉयझन्ड पॉन, म्हणजे विषारी प्यादं! आम्ही आता मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतो त्यात हे खेळायला हात थरथरतो आणि तुमच्या बाबांनी हे कार्डावर ११ महिने खेळलंय.

काय झालंय ते सांगतो. सातव्या खेळीला बाबांनी वजीर बी६ ला आणला (४८२६; उभ्या पट्ट्यांना आम्ही १ ते ८ ऐवजी ए ते एच म्हणतो, म्हणून २६ म्हणजे बी६), पांढऱ्यानं आपला वजीर डी२ ला घेतला आणि बी२ चं प्यादं मोकळं सोडलं, आणि बाबांनी ते खाल्लं (२६२२). हेच ते विषारी प्यादं, कारण खायला गेलेला वजीर शत्रूच्या घरात एकटा पडतो आणि तोपर्यंत पांढऱ्याची सगळी फौज राजाच्या तोंडाशी येते. सिसिलियन मुळातच असं असतं, इ४ ला सी५ नं उत्तर द्यायचं म्हणजे समोरच्यासारखं खेळायचं नाही, पहिल्या खेळीपासूनच भांडण.

२७२३ चं मला पण कळत नाहीये, बी७ ला खरंच काही नाहीये, तिथलं प्यादं १२ व्या खेळीला सी६ ला मारायला गेलं (२७३६). चुकून लिहिलं असेल का?

अडीच_घर

मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो, वय ७१, पत्राने बुद्धिबळ २० वर्षं खेळलोय, तेव्हा थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

ताई, चूक कोणाचीच नाहीये. ते २१२३ आहे. बडोद्याच्या गृहस्थांचे बाकीचे एक बघा, इंग्रजी एक लिहिताना वरून शेंडी काढायची सवय असेल तर तो सातासारखाच दिसतो, माझ्याकडे अशी कितीतरी कार्डं आहेत. २१ म्हणजे बी१, तिथे नवव्या खेळीपासून पांढऱ्याचा हत्ती उभा आहे (११२१), बी२ चं प्यादं गेल्यामुळे वाट मोकळी आहे, तो बी३ ला आला आणि सरळ ए३ च्या वजिरावर चालून गेला. त्याला उत्तर म्हणून बाबांनी वजीर ए३ वरून ए४ ला घेतला, १३१४. चोख बसतं. आम्ही याच भीतीनं प्रत्येक कार्डावर समोरच्याची मागची खेळी पुन्हा लिहून मग आपली लिहायचो, एक आकडा चुकला तर डाव जायचा.

आकडेच का, तर बाहेरदेशी खेळताना प्रत्येक भाषेत मोहऱ्यांची अक्षरं वेगळी, आपल्याकडे घो आणि उं, रशियनमध्ये आणखी काही. आकडे सगळ्यांना सारखे. कॅसलिंगला, म्हणजे राजा-हत्तीच्या एकत्र खेळीला, फक्त राजाची चाल लिहायची, प्यादं आठव्या घरात गेलं तर पाचवा आकडा जोडायचा, १ म्हणजे वजीर, २ हत्ती, ३ उंट, ४ घोडा. आणि त्या काळी आपल्याला मिळणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत इ४ वगैरे नसायचंच बहुतेक, पी-के४ (राजापुढचं प्यादं चौथ्या घरात), पी-क्यूबी४ असं असायचं, ते वाचून डोक्यात उलटं करून मग आकड्यात लिहायचं, म्हणजे एका खेळीचं दोनदा भाषांतर. वहीत कुठे चिठ्ठ्या असतील तर बघा.

आता तुमचा खरा प्रश्न. १७ व्या खेळीनंतर पटावर हे असायला हवं, आईंच्या पटाशी ताडून घ्या. पांढरा: राजा इ१, वजीर डी२, हत्ती बी३ आणि एच१, घोडा इ४, उंट इ२, प्यादी ए२, सी२, जी२, एच२. काळा: राजा इ८, वजीर ए४, हत्ती ए८ आणि एच८, उंट सी८ आणि इ७, प्यादी ए६, सी६, इ५, इ६, एफ६, एच५.

प्यादी मोजा, पांढऱ्याची चार, बाबांची सहा. म्हणजे बाबा दोन प्याद्यांनी पुढे आहेत. पण राजा मधेच अडकलाय, त्याच्या अंगावर कपडे नाहीत म्हणा ना, आणि पांढऱ्याचे वजीर, हत्ती, घोडा, उंट सगळे त्याच्याकडे तोंड करून. तरी वजीर ए४ ही नुसती पळण्याची खेळी नाही हो, तिथून तो चौथ्या रांगेत सरळ इ४ च्या घोड्यावर नजर ठेवतो आणि त्या घोड्याला पाठीशी कोणी नाही. म्हणजे पळता पळता उलटा वार. पांढऱ्याला इथे दोनच चांगल्या वाटा, एक तर सी४ खेळून मधे भिंत घालायची (३२३४), नाही तर घोडा एफ६ ला देऊन टाकायचा शह देत (५४६६) आणि मग सी४. दोन्हीवर लोकांनी वर्षानुवर्षं डोकं फोडलंय आणि काळा नीट खेळला तर टिकतो. हरत होते म्हणून सोडला असं या पटावरून तरी मी अजिबात म्हणणार नाही.

ही लाइन आमच्या पिढीत का घुसली तर १९७२ ची रिकयाविकची जगज्जेतेपदाची मॅच. फिशरनं स्पास्कीसमोर हेच विषारी प्यादं दोनदा खाल्लं, सातव्या डावात बरोबरी झाली आणि अकराव्यात स्पास्कीनं १४ व्या खेळीला घोडा उलटा बी१ ला नेला, सगळे म्हणाले हे काय, आणि पुढे फिशरचा वजीर गेला तो गेलाच. तिथे पांढऱ्यानं नवव्या खेळीला घोडा बी३ ला घेतला होता, तुमच्या डावात हत्ती बी१ ला आहे, त्यामुळे गोष्ट वेगळी. पण वजीर अडकून मेल्याचं उदाहरण डोळ्यासमोर असताना पण ते प्यादं खायचं, तर तो माणूस घाबरणारा नव्हे.

एक विचारतो. ते न टाकलेलं कार्ड नीट बघा, त्यावर कोपऱ्यात काही लिहिलंय का, आणि वहीत १३१४ पुढे तारीख आहे का?

इंदूर_रामबाग

काका खूप खूप धन्यवाद, २१२३ एकदम बसलं. बाकीची कार्डं भिंगातून बघितली, त्यांचे सगळे एक तसेच आहेत, शेंडीवाले. चिठ्ठ्या पण आहेत हो! वहीच्या मागच्या कव्हरात, पी-क्यूबी४ आणि पुढे ३७३५, अशी दोन-अडीच पानं. माझा भाऊ म्हणाला म्हणजे बाबा पुस्तकात बघून खेळायचे, ही तर चीटिंग झाली, त्यावरून काल थोडी बाचाबाची पण झाली आमची.

कार्डाबद्दल. वहीत १३१४ पुढे "रवाना १४/१०" आहे. आणि कार्डावर वर उजव्या कोपऱ्यात लाल शाईनं "रिपीट" लिहिलंय, तारीख २ नोव्हेंबर १९८५. मी ते आधी नावाचा भाग समजले होते. खाली १३१४ आणि त्याच्याखाली अजून एक ओळ आहे: "५४६६ आल्यास ५७६६". हे काय?

अडीच_घर

पहिलं भावाला सांगा की पत्राच्या खेळात पुस्तक बघायला पूर्ण परवानगी असते, कायमच होती, पटावर मोहरी हलवून बघायला पण. घरी बसून तीन-तीन दिवस विचार करायचा तोच तर खेळ. आंतरराष्ट्रीय संघटना आहे आयसीसीएफ, १९५१ पासूनची, त्यांच्याकडे तर आता संगणक वापरायला पण मुभा आहे. पूर्वी १० खेळ्यांना ३० दिवस मिळायचे, कार्ड वाटेत असताना दिवस मोजायचे नाहीत, म्हणून मिळाल्याची आणि उत्तराची तारीख प्रत्येक कार्डावर. इंदूर-बडोदा म्हणजे कार्ड रतलाम, दाहोद, गोध्रा करत जाणार, चार-पाच दिवस लागत असतील, त्यात ११ महिन्यांत १७ खेळ्या म्हणजे दोघंही नेमाने उत्तर देणारे.

आता रिपीट. समोरच्याचं उत्तर वेळेत आलं नाही की १४ दिवसांनी तीच खेळी पुन्हा लिहून दुसरं कार्ड टाकायचं, त्यावर रिपीट लिहायचं. म्हणजे ताई, बाबांनी ती खेळी १४ ऑक्टोबरला पाठवली होती. डाव त्यांनी सोडला नव्हता. ते १९ दिवस वाट बघत होते आणि मग रिपीट लिहायला बसले.

आणि खालची ओळ म्हणजे शर्तीची खेळी, आम्ही "इफ" म्हणायचो. "तू घोडा एफ६ ला मारलास तर माझं उत्तर आत्ताच घे, उंटानं मारतो." त्यानं एक फेरी वाचते, म्हणजे आठ-दहा दिवस. घोडा बळी देणार हे बाबांनी आधीच हेरलं होतं आणि उत्तर तयार होतं. हे पहिल्या कार्डात नसेल, रिपीट करताना सुचलं असेल, त्या १९ दिवसांत पट मांडलेलाच असणार घरात.

सूरसागर_काठ

मी बडोद्याची, माहेर रावपुऱ्यात, आता मांजलपूरला. बुद्धिबळातलं काही कळत नाही पण धागा सकाळपासून वाचतेय, दांडिया बाजार वाचून थांबले. आमच्या लहानपणी त्या भागात संध्याकाळी ओट्यावर पट मांडून बसलेले आजोबा लोक असायचे, खेळणारे दोन आणि सांगणारे आठ.

मला एक वेगळंच वाटतंय, बोलू की नको असं झालं होतं. ताई, तुमच्या बाबांनी रिपीट कार्ड लिहिलं, पत्ता घातला, आणि तरी टाकलं नाही. पंधरा पैशांचं कार्ड कोणी उगाच वाया घालवत नव्हतं त्या काळी. म्हणजे लिहिल्यावर आणि टाकायच्या आधी काहीतरी कळलं असणार. आमच्याकडे कोणी गेलं की कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे, तुमच्याकडे पण असेलच. आणि ते कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचलं की लगेच फाडून टाकायचं. म्हणून ते गठ्ठ्यात सापडणार नाही. आईंना आठवतंय का विचारा हळूच.

प्यादं_पुढे

हे माझ्या डोक्यातच आलं नसतं, मला कोपरा फाडायचं माहितीच नव्हतं, आत्ता आजीला विचारलं तर म्हणाली हो, आणि तसं कार्ड घराच्या आत पण आणायचं नाही.

मी रात्री ही पोझिशन इंजिनला, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रामला, लावली होती. १८ ला घोडा एफ६, उंटानं मारला, मग सी४, इथपर्यंत जाऊन सोडलं तर काळ्याकडे एक अख्खं मोहरं जास्त आणि तरी श्वास घ्यायला जागा कमी, पण मात नाही होत. बरोबरीकडे जातं. बाबांचा "५७६६" बरोबरच आहे, राजा हलवण्यापेक्षा उंटानं मारणंच सरळ. मला एक कळत नाही, इंजिन नसताना हे सगळं नुसत्या डोक्यानं कसं बघायचे लोक.

अडीच_घर

@प्यादं_पुढे, बघायला वेळ होता म्हणून. सकाळी ऑफिसला जाताना पोझिशन डोक्यात घ्यायची, बाड्यावरच्या पोस्टात कार्ड टाकेपर्यंत तीच. टाकायच्या आधी कार्ड परत एकदा वाचायचं कारण पेटीत पडलं की खेळी झाली, हात मागे घेता येत नाही. मी एकदा ७ च्या जागी ६ लिहून वजीर फुकट दिलाय, समोरचा पुण्याचा होता, त्यानं लिहिलं "वाईट वाटले, पण नियम आहे".

बडोद्याच्या ताई म्हणतात ते मला पटतंय. ज्याच्या नावाची ही चाल आहे तो नायडॉर्फ पोलंडचा, १९३९ ला बुद्धिबळ ऑलिम्पियाड खेळायला ब्युनोस आयर्सला गेला आणि तेवढ्यात महायुद्ध पेटलं, तिथेच राहिला. १९४३ ला त्यानं रोसारिओ गावात डोळ्याला पट न दिसू देता एकाच वेळी ४० जणांशी डाव खेळले, कारण एवढा विक्रम झाला तर बातमी छापून येईल आणि पोलंडमध्ये घरचं कोणी असेल तर त्याला कळेल की मी जिवंत आहे. घरचं कोणी उरलं नव्हतं. मी ही चाल खेळायचो तेव्हा दर वेळी ए६ लिहिताना, म्हणजे १७१६, मला ते आठवायचं.

इंदूर_रामबाग

आईला विचारलं. मी काही सुचवलं नाही, एवढंच म्हटलं की १९८५ च्या दिवाळीच्या आसपास काही आठवतं का.

ती म्हणाली, दिवाळीच्या आधी, फराळाचं चाललं होतं, दुपारी पोस्टमन आला, बाबांनी ओसरीतच उभ्यानं कार्ड वाचलं, तिथेच फाडलं आणि आत न येता मागच्या दारानं मोरीत गेले आणि अंघोळ केली, गार पाण्यानं. आईनं विचारलं कोण, तर म्हणाले बडोद्याचे गेले. आई म्हणाली आपलं बडोद्याला कोण आहे, ना नातं ना गोतं, अंघोळ कशाला? तर बाबा काही बोलले नाहीत. तिला वाटलं ऑफिसातलं कोणी असेल. हे तिनं मला ३९ वर्षांत कधी सांगितलं नाही कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, आणि काल ती पटासमोर बसलीये आणि म्हणते, म्हणजे हे होते का ते.

दोघं कधी भेटले नव्हते, हे पण तिनं नक्की सांगितलं. बाबा बडोद्याला कधी गेलेच नाहीत. कार्डांमध्ये डावाशिवायचं एकच वाक्य सापडलं, जूनच्या कार्डावर, "इकडे अजून पाऊस नाही, तिकडे?"

काका, अजून एक विचारायचं होतं. वहीत प्रत्येक डावाच्या शेवटी बाबांनी निकालाचा रकाना केलाय, १, ०, किंवा अर्धा. या डावापुढे काहीच नाहीये. असं झाल्यावर नियमानं ते जिंकले असं धरतात का?

अडीच_घर

स्पर्धेचा डाव असता तर पंच पोझिशन तपासून निकाल देतात. पण कार्डांवर कुठे स्पर्धेचा नंबर असता तर तुम्ही लिहिलं असतंत, म्हणजे हा दोघांनी आपसात ठरवलेला डाव. तिथे पंच कोणी नाही. एक लिहिला असता तरी कोणी विचारायला आलं नसतं. त्यांनी नाही लिहिला.

तुम्ही पण नका लिहू. वही पाण्यापासून जपा, १७ व्या खेळीचा पुसलेला रकाना पेन्सिलीनं भरा, २१२३, बाजूला तारीख घालून. आणि पुढची पानं बघितलीत का?

इंदूर_रामबाग

भरला, आईच्या हातानं. एक काढताना शेंडी काढली तिनं.

पुढच्या पानावर नवीन डाव आहे. जानेवारी १९८६, समोर भोपाळचं कोणीतरी, वर लिहिलंय "काळी मोहरी", आणि पहिली ओळ ५२५४ ३७३५.